दुसऱ्या गव्हाणीचाही विचार करा

प्रति,
महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांचे अध्यक्ष, संचालक मंडळे आणि कार्यकारी संचालक यांस,



मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने खास सहकारी साखर कारखान्यांसाठी एक योजना जाहीर केली. उसाच्या रसावर आणि मळीवर चालणाऱ्या डिस्टिलऱ्या मका आणि खराब धान्यावरही चालाव्यात म्हणून बदल करायचे, आणि त्यासाठीच्या कर्जावर वर्षाला ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजाचा निम्मा दर, यांतले जे कमी असेल तेवढी सवलत पाच वर्षे घ्यायची. या योजनेकडे आपण का वळत आहात हे समजण्यासारखे आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी आली आणि नव्या प्रकल्पांचे कर्ज डोक्यावर असलेल्या कारखान्यांची झोप उडाली. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे दर मिळाला आणि त्याच वर्षात मका हा देशातल्या इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल ठरला. गळीत संपल्यावर उरलेले सात-आठ महिने डिस्टिलरी गंजत ठेवण्यापेक्षा ती मक्यावर चालवावी, या हिशेबाला माझा विरोध नाही. धान्य माणसाच्या पोटात जावे की गाडीच्या टाकीत, हा वाद राज्याने २००७ मध्ये धान्याधारित मद्यार्काला अनुदान देण्याचे ठरवले तेव्हाही झाला होता. तो महत्त्वाचा असला तरी या पत्राचा विषय नाही. मला बोलायचे आहे ते डिस्टिलरीच्या मागच्या अंगाला उभ्या राहणाऱ्या त्या शेडबद्दल, जिला प्रकल्प अहवालात ड्रायर विभाग म्हणतात आणि जिच्यावर संचालक मंडळाच्या बैठकीत क्वचितच कोणी प्रश्न विचारतो.

मळीपासून अल्कोहोल काढताना मागे राहतो तो स्पेंटवॉश. एका लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर काळे, आंबट, नदीत गेले तर मासे मारणारे पाणी. गेली चाळीस वर्षे आपल्या कारखान्यांचे या पाण्याशी भांडण चालू आहे. आधी तलाव, मग बायोगॅस, मग प्रेसमडबरोबर कंपोस्ट, आणि आता ते आटवून इन्सिनरेशन बॉयलरमध्ये जाळणे. या साऱ्यातून एक सवय अंगवळणी पडली आहे: डिस्टिलरीच्या मागून जे बाहेर येते त्याची विल्हेवाट लावायची असते, आणि ती लावणारी यंत्रे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी मिळवण्यापुरती असतात. मक्याची डिस्टिलरी घालताना हीच सवय घात करणार आहे. मक्यातला स्टार्च तेवढा यीस्ट खाते. त्याचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो. प्रथिने, तेल, तंतू, क्षार हे सगळे जागच्या जागी राहते, आणि स्टार्च निघून गेल्यामुळे सुमारे तिप्पट दाट होते. मक्यात आठ-नऊ टक्के प्रथिने असतात. त्याच्या वाळवलेल्या शेषात, ज्याला बाजार डीडीजीएस म्हणतो, ती २६ ते ३० टक्के होतात. टनभर मक्यातून सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळते आणि सुमारे ३०० किलो डीडीजीएस. म्हणजे मक्याच्या डिस्टिलरीतून दोन माल निघतात. एक तेल कंपनीच्या टँकरमध्ये जातो, दुसरा आपल्याच सभासदांच्या गोठ्यात. विल्हेवाट लावण्यासारखे त्यात काही नाही.

हा दुसरा माल बिघडतो किंवा सुधारतो तो ड्रायरमध्ये. ऊर्ध्वपातनाच्या स्तंभातून अल्कोहोल निघून गेल्यावर खाली जो पातळ रबडा उरतो तो डिकँटरमध्ये पिळला जातो. घट्ट भाग वेट केक म्हणून बाहेर पडतो, त्यात ६५ ते ७० टक्के पाणी असते. पातळ भाग बाष्पकांत आटवून त्याचा सिरप करतात, तो पुन्हा वेट केकवर ओततात आणि हे मिश्रण वाफेच्या नळ्यांच्या फिरत्या ड्रायरमधून काढतात, ओलावा १०-१२ टक्क्यांवर येईपर्यंत. दिवसाला ६० हजार लिटरची डिस्टिलरी धरा. तिला रोज सुमारे १६० टन मका लागेल, ४५ ते ५० टन डीडीजीएस निघेल, आणि त्यासाठी ड्रायरला रोज साधारण ८० टन पाणी उडवावे लागेल. एक टन पाणी उडवायला एक टनाहून जास्त वाफ जाते. धान्याच्या डिस्टिलरीतल्या एकूण उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश वाटा या वाळवण्यावरच खर्च होतो. एवढी वाफ खाणारे यंत्र जर प्रकल्पाच्या किमतीत काटछाट करताना लहान घेतले गेले, आणि ते बहुधा तिथेच घेतले जाते, तर पुढचे सगळे ठरलेले आहे. किण्वन टाक्या थांबत नाहीत, स्तंभ थांबत नाही, डिकँटरमधून केक येतच राहतो. ड्रायरवरचा माणूस काय करील? वाफेचा दाब वाढवील. किंवा सिरप एकदम जास्त ओतील, मग मालाचे गोळे होतील, बाहेरून करपलेले आणि आतून ओले. किंवा ड्रायर बंद पडला तर केक यार्डात ढीग लावून ठेवील, आणि उन्हाळ्यात तो ढीग दोन-तीन दिवसांत बुरशी धरील. यांतल्या एकाही गोष्टीची नोंद इथेनॉलच्या उत्पादन अहवालात होत नाही, कारण इथेनॉलवर तिचा काहीच परिणाम होत नाही.

करपण्याबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण इथे नाक आणि प्रयोगशाळा दोन्ही फसतात. ओल्या, साखरेचा अंश असलेल्या प्रथिनाला जास्त उष्णता दिली की साखर आणि अमिनो आम्ले एकमेकांना चिकटतात. भाकरीला जो खरपूस रंग येतो त्यामागची हीच क्रिया. या क्रियेत सर्वांत आधी बळी जाते ते लायसिन हे अमिनो आम्ल, आणि चिकटलेले लायसिन जनावराच्या पोटात सुटत नाही. मालाचा सोनेरी रंग गर्द तपकिरी होतो, वास मात्र गोडसर, खमंग येतो, आणि गाय असा माल आवडीने खाते. प्रयोगशाळेत प्रथिनांची टक्केवारी काढतात ती नायट्रोजन मोजून. करपलेल्या प्रथिनातही नायट्रोजन तेवढाच असतो. म्हणून दाखल्यावर २८ टक्के, गाय खुश, व्यापारी खुश, आणि दुधाच्या काट्यावर दिसते ते मात्र काही वेगळेच. पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांना हे अधिक लागू आहे. तिथे मुरघास मक्याचा, भरड मक्याची आणि आता पेंडीच्या जागी येणारा डीडीजीएसही मक्याचा. मका मुळातच लायसिनला गरीब. सोयाबीन पेंडीच्या प्रथिनांत लायसिन सुमारे सहा टक्के, मक्याच्या डीडीजीएसमध्ये चांगला वाळवला तरी जेमतेम तीन टक्के. त्यातले निम्मे ड्रायरने खाल्ले तर त्या गोठ्यात लायसिन येणार कुठून? प्रथिनांच्या टक्क्यावर भाव लावून सोयापेंड आणि डीडीजीएस यांची तुलना करणारा बाजार हा फरक पाहत नाही. तुम्हाला तो पाहावा लागेल, कारण तुमचे सभासद ऊसही घालतात आणि दूधही.

यात ऋतूचा एक पेच आहे, जो उत्तर भारतातल्या किंवा अमेरिकेतल्या धान्य डिस्टिलरीला नाही. तुम्ही मका चालवणार तो गळीत संपल्यावर, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. त्यातले चार महिने पावसाचे. गळिताच्या दिवसांत बगॅस ताजा आणि मुबलक, वाफ जणू फुकट. बिगर हंगामात तोच बगॅस साठवलेला, भिजलेला, नाहीतर विकत आणलेला. म्हणजे ड्रायरला सर्वांत जास्त वाफ लागते तेव्हाच ती सर्वांत महाग. आणि माल वाळून बाहेर पडला तरी संपत नाही. सिरपमधली शिल्लक साखर आणि ग्लिसरीन यांमुळे डीडीजीएस हवेतला ओलावा ओढून घेतो. गरम माल थंड न करताच गोणीत भरला, तर आत घाम सुटून गोणीच्या भिंतीलगत बुरशीचा थर धरतो. जुलैत कोल्हापूर-सांगलीकडच्या गोदामात बारा टक्के ओलाव्याने ठेवलेला माल सप्टेंबरात बारा टक्क्यांवरच असेल असे गृहीत धरणे धाडसाचे आहे. म्हणून वाळवण्याइतकाच कूलर आणि कोरडे गोदाम हा या प्रकल्पाचा भाग आहे. (साखरेच्या गोदामात मोकळी जागा आहे म्हणून तिथेच डीडीजीएस रचायचा विचार कोणी करत असेल तर साखरेच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेला आधी विचारावे.)

आता सर्वांत अवघड मुद्दा. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने माणसाच्या खाण्यास अयोग्य ठरलेले खराब धान्य इथेनॉलसाठी वापरायला परवानगी दिली, आणि तेल कंपन्यांच्या दरपत्रकात अशा धान्याच्या इथेनॉलला वेगळा दर असतो. वरवर पाहता हे शहाणपणाचे वाटते: सडलेले धान्य वाया जाण्यापेक्षा गाडी चालवू दे. पण धान्यावर अ‍ॅस्परजिलस बुरशी असेल तर तिचे अफलाटॉक्सिन हे विष किण्वनात मोडत नाही, ड्रायरच्या उष्णतेतही नष्ट होत नाही आणि अल्कोहोलबरोबर वरही जात नाही. ते शेषात राहते, आणि प्रथिनांसारखेच तिप्पट होते. म्हणजे जे धान्य सरकारने माणसासाठी अयोग्य ठरवले, त्यातले सगळे विष आपण दाट करून गाईला देणार आणि त्यातला काही भाग दुधातून माणसाकडेच परत येणार. हिशेब करून पाहा. गाईच्या खाद्यातल्या अफलाटॉक्सिनचा साधारण एक ते सहा टक्के भाग एम-१ या रूपात दुधात उतरतो. मक्यात किलोमागे १० मायक्रोग्रॅम असेल तर डीडीजीएसमध्ये सुमारे ३०. दहा लिटर दूध देणाऱ्या गाईने रोज दोन किलो खाल्ला आणि दोन टक्के दुधात उतरले, तर लिटरला सुमारे ०.१२ मायक्रोग्रॅम. भारतीय मर्यादा ०.५, म्हणजे ठीक. पण तोच मका ४० मायक्रोग्रॅमचा असला तर एकट्या डीडीजीएसमुळे दूध ०.४८ वर, मर्यादेच्या उंबरठ्यावर. सरकी, मका भरड आणि बुरशी लागलेला कडबा यांची भर अजून घातलेलीच नाही. २०१८ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने देशभर ६,४३२ दूध नमुने तपासले; ५.७ टक्के नमुन्यांत एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होते. तेव्हा मक्याच्या डीडीजीएसचा पूर अजून आलेला नव्हता. एखाद्या हंगामात हे किती झपाट्याने बिघडते ते सर्बियाने दाखवले: २०१२ च्या दुष्काळात मक्यावर बुरशी चढली, २०१३ च्या सुरुवातीला देशभरच्या दुधात विष सापडले, आणि सरकारने शेवटी कायद्यातली मर्यादाच ०.०५ वरून दहापट वाढवून ०.५ केली. आपण आधीपासूनच ०.५ वर आहोत. वाढवायला आपल्याकडे जागा नाही.

यावर कारखान्यातले तंत्रज्ञ म्हणतील की अफलाटॉक्सिन ड्रायर तयार करत नाही, मका आणतो. मग दोष ड्रायरला का? बरोबर आहे. दोष मक्याचाच. तरीही तपासणीची खरी जागा ड्रायरचे तोंड आहे. मक्याच्या ट्रकमध्ये बुरशी काही दाण्यांत एकवटलेली असते. मूठभर नमुना घेतला तर विष चुकते किंवा भलतेच जास्त दिसते. भरडून, आंबवून, पिळून, मिसळून ते सगळीकडे सारखे पसरते, म्हणून ड्रायरच्या बाहेर घेतलेला नमुना लॉटचे खरे चित्र देतो. स्ट्रिप चाचणी काही मिनिटांत होते. ट्रकवर ढोबळ छाननी आणि ड्रायरवर खरी तपासणी, असे दोन्ही हवे. आणि ज्या दिवशी खराब धान्य चालवले त्या दिवसाचा शेष, चाचणीत मर्यादेबाहेर गेला, तर पशुखाद्यात जाऊ देऊ नये. तो जाळायला तुमच्याकडे बॉयलर आहे, अनेकांकडे प्रेसमडचे बायोगॅस प्रकल्पही आहेत. ही सोय स्वतंत्र धान्य डिस्टिलरीकडे सहसा नसते, साखर कारखान्याकडे असते. स्पेंटवॉश जाळण्यासाठी उभारलेली यंत्रणा एखाद्या लॉटच्या वाईट दिवशी गाईला वाचवू शकते, हा या गुंतागुंतीतला एक चांगला योग आहे.

दुसरा आक्षेप अमेरिकेचा. तिथे दरवर्षी कोट्यवधी टन डीडीजीएस तयार होतो, गाई-डुकरे-कोंबड्या खातात, जगभर निर्यात होतो. मग आपल्यालाच एवढी भीती का? कारण अमेरिकेचा इतिहास आपण अर्धाच वाचतो. तिथेही वेगवेगळ्या कारखान्यांच्या डीडीजीएसमध्ये लायसिनचा मोठा फरक आढळला, आणि खरेदीदार रंग व लायसिन-प्रथिन गुणोत्तर पाहू लागले तेव्हा ड्रायर सुधारले. किण्वनात जिवाणू आवरण्यासाठी वापरलेल्या प्रतिजैविकांचे अंश शेषात राहतात का, यावर तिथल्या नियामकांना नमुने तपासावे लागले. आपल्याकडेही पेनिसिलिन किंवा तत्सम काही टाकीत पडत असेल तर त्याची नोंद ठेवली गेली पाहिजे. आणि अमेरिकेतून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट तर वेगळीच आहे. नेब्रास्कात मोठी गोठाकेंद्रे इथेनॉल कारखान्यांच्या शेजारी आहेत, म्हणून तिथे शेषाचा बराच भाग वाळवलाच जात नाही. ओलाच जवळपास खाऊ घातला जातो. नेब्रास्का विद्यापीठाच्या प्रयोगांत मांसासाठी वाढवलेल्या जनावरांना ओला माल वाळवलेल्यापेक्षा जास्त लाभला. न वाळवलेले प्रथिन करपत नाही, हे तर उघडच आहे.

म्हणजे सगळेच ओले विकावे का? नाही, आणि जे वाफ वाचवण्यासाठी तसे सुचवतात त्यांच्याशी मी असहमत आहे. नेब्रास्कातली गोठाकेंद्रे हजारो जनावरांची आणि थंड हवेतली. आपला गोठा तीन-चार गाईंचा आणि एप्रिल-मेच्या उन्हातला. ओला केक उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि त्यात दोन तृतीयांश पाणी असल्याने दूर नेला तर आपण पाण्याचेच भाडे भरतो. वाळूज परिसरातल्या बिअर कारखान्यांचा ओला चोथा आजूबाजूच्या गोठ्यांत जातो तोही जवळच्याच. पण इथे कारखान्यांच्या भूगोलाचा उपयोग होतो. महाराष्ट्रात दोन कारखान्यांत किमान २५ किलोमीटरचे हवाई अंतर लागते, म्हणजे तुमचे बहुतेक सभासद ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने एका फेरीत गाठता येतील एवढ्यात आहेत. रोजच्या मालातला एखादा चतुर्थांश भाग ओला, तपासून, आदल्या दिवशी नोंदवलेल्या मागणीनुसार गावच्या दूध संस्थांवर पोहोचवला, आणि त्यातला न खपलेला कडबा-कुट्टीत मिसळून मुरघासाच्या पिशव्यांत दाबला, तर ड्रायरवरचा तेवढा भार कमी होतो. हाच भार कमी झाला की उरलेला माल सावकाश वाळवता येतो. ओले आणि वाळलेले यांत निवड करण्याचे कारण नाही. ओल्याची सोय ही वाळवण्याची गुणवत्ता वाचवणारी सुरक्षा-झडप आहे, असा हिशेब मांडावा. वारणेसारख्या ठिकाणी ऊस आणि दूध एकाच संस्थापरिवारात आहेत, गोकुळ दूध संघाकडे स्वतःचे पशुखाद्य आहे. अशा ठिकाणी हे ठरवायला एक बैठक पुरे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मी हलका मानत नाही. मका महाग झाला, इथेनॉलचा दर सरकारच्या हाती, मध्ये उरते ते बँकेच्या हप्त्यापुरते. अशात मोठा ड्रायर, कूलर, चाचणी कुठून आणायची? याचे उत्तर असे की डीडीजीएसचे उत्पन्न वगळले तर मक्यावरच्या इथेनॉलचा ताळेबंद बसतच नाही. ते उत्पन्न ज्या मालावर अवलंबून आहे त्याच्याच यंत्रात काटकसर करणे म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाचा टेकू काढणे. देशभर मक्याच्या डिस्टिलऱ्या उभ्या राहत असताना डीडीजीएस दुर्मीळ राहणार नाही. भाव उतरतील आणि तेव्हा खरेदीदार निवड करील. ज्याच्या गोणीवर लॉट क्रमांक, तारीख, ओलावा, अफलाटॉक्सिन आणि रंग असेल त्याला गिऱ्हाईक राहील; बाकीचा माल मिळेल त्या भावाने जाईल. शिवाय भाव उतरण्याची झळ सभासदांच्या दुसऱ्या पिकालाही लागते. स्वस्त डीडीजीएस आला की सोयाबीन पेंडीचा भाव पडतो. २०२४ मध्ये लातूरपासून विदर्भापर्यंत सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले, त्याची कारणे अनेक आहेत, पण पेंडीला उठाव नसणे त्यांतले एक. डीडीजीएस बंद करा असे मी म्हणणार नाही. तो आपल्या खऱ्या मोलाने विकला जावा, करपलेल्या प्रथिनाला चांगल्याचा भाव मिळू नये, एवढेच सोयाबीन शेतकऱ्याचे म्हणणे असायला हवे, आणि ते न्याय्य आहे.

दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. धान्य डिस्टिलरीची निविदा काढण्यापूर्वी तिथे दोन गोष्टी सभासदांसमोर ठेवाव्यात. पहिली, यंत्र पुरवठादाराकडून लेखी उत्तर घेऊन: ड्रायर डिस्टिलरीच्या पूर्ण क्षमतेपेक्षा किती टक्के मोठा आहे, आणि पावसाळ्यातल्या हवेत तो किती पाणी उडवतो. वर्षाच्या सरासरीत काय बसते ते सांगून चालणार नाही. दुसरी, ड्रायर बंद पडला तर किती तासांनी डिस्टिलरी थांबवायची, तो आदेश कोण देणार, त्याच्या नोकरीला त्यापायी धोका नाही असा ठराव मंडळाने केला आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.



आपला,
दूध आणि ऊस या दोन्हींचा एक ग्राहक